माझे कान घेऊन जा

कोल्हापूर,
२ सप्टेंबर २०२४

वस्ताद,

पाया पडते. तुम्हाला फोन करण्यात अर्थ नाही. कुस्तीत मोडलेल्या कानांनी तुम्हाला निम्मंच ऐकू येतं आणि राहिलेलं निम्मं तुम्ही मनानं भरता. म्हणून पत्र.

दूध संघाच्या परीक्षेचा निकाल लागला. मी नापास झाले. सुपरवायझरच्या तीन जागा खेळाडूंसाठी राखून ठेवल्यात. त्यासाठी ऐंशी प्रश्नांची बुद्धिमत्ता चाचणी असते, वेळ एक तास. पंचेचाळीस बरोबर यावे लागतात, माझे पस्तीस आले. खोलीत घड्याळ लावून सोडवताना मी साठाच्या खाली कधी आले नव्हते, त्यामुळं तिथं काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. अडतीसच प्रश्न सोडवून झाले. पुढच्या पानांपर्यंत मी पोचलेच नाही.

नापास झालेल्याला आणखी एकदा बसता येतं. पंधरा डिसेंबर, रविवार. त्यानंतर नाही. गुडघ्याच्या ऑपरेशनला वर्ष झालं. डॉक्टरांनी मॅट कायमची बंद केली आणि कुस्ती सोडून मी दुसरं काही शिकले नाही. ही नोकरी हुकली तर मुरगूडला परत येऊन काय करायचं, हे मला खरंच माहीत नाही. घरी अजून सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

बाकी ठीक. हॉस्टेलच्या खोलीत संयोगिता नावाची मुलगी जोडीला आहे. मानसशास्त्रात एम. ए. करते. सगळ्या गोष्टींवर प्रश्न विचारते, पण भांडी घासते.

तुमची,
स्वप्नाली


मुरगूड,
९ सप्टेंबर २०२४

स्वप्नाली,

दुआ. पत्र पोचलं. घरी सांगितलेलं नाही. परवा तुझी आई तालमीच्या दारात येऊन "पोरीचं काय झालं ओ वस्ताद?" म्हणाली, तेव्हा मी ऐकू न आल्यासारखं केलं. मोडक्या कानांचा तेवढाच फायदा.

आता तुझ्या आकड्यांचं बोलू. अडतीस सोडवले, त्यातले पस्तीस बरोबर. म्हणजे जिथं हात घातलास तिथं कुस्ती मारलीस. राहिलेल्या बेचाळीस कुस्त्या तू लढलीच नाहीस. तासभर काय करत होतीस? एकाच जोडीदाराला धरून बसणारा पैलवान मी खूप बघितलाय. त्याला एकच औषध, दम वाढवणं. नजीरानं तिच्या शाळेतले गणिताचे चार संच दिलेत, ते पाठवतोय. सून माझी असली तरी वकिली तुझीच करते. सोबत अर्धा किलो बदाम आहेत. रोज रात्री आठच भिजत घालायचे आणि सकाळी सोलून खायचे, खिशात घालून हिंडायचं नाही.

आणि एक ध्यानात ठेव. तुझ्या मागं तालमीत चाळीस पोरी आहेत. त्यांच्या आया तुझ्याकडं डोळे लावून बसल्यात. पैलवानाची अक्कल गुडघ्यात असते असं जग म्हणतं. जगाला दाखवून दे.

शमशुद्दीन


कोल्हापूर,
२० ऑक्टोबर २०२४

वस्ताद,

पाया पडते. नजीराभाभींचे संच सोडवले, बदाम संपले. संयोगितानं निम्मे खाल्ले, ती पैलवान नसल्यामुळं खिशात घालून.

तासभर काय करत होतीस, असं तुम्ही विचारलंत. पहिल्या पत्रात मी ते टाळलं होतं. आता सांगते.

हॉलमध्ये शिरल्या शिरल्या पर्यवेक्षक ओरडले, "खेळाडू कोटा हिकडं, मागच्या बाकावर!" पेपराच्या पहिल्या पानावर खेळ कोणता, पदकं किती, दुखापत कोणती, हे भरायचं होतं. मी भरत असताना ते माझ्या मागं येऊन वाकले. "कुस्ती व्हय? ताई, हितं प्रश्न सोडवायचं असत्यात, डाव न्हाय टाकायचा." हॉल हसला. मीही हसले. न हसले असते तर चिडले असं वाटलं असतं.

पहिला प्रश्न होता : तीन, आठ, पंधरा, चोवीस, पुढचा आकडा कोणता? पस्तीस. बघताक्षणी कळलं. पण मनात आलं, इतकं सोपं असेल होय? हा चुकला तर हे म्हणतील, बघा, पैलवान. मी परत मांडून बघितलं. मग तिसऱ्यांदा. प्रत्येक प्रश्नाला असंच झालं. एक मी प्रश्न सोडवत होते आणि एक मी माझ्याच पाठीमागं उभी राहून चुकते का बघत होते. वेळ दोघींत वाटला गेला.

हे संयोगिताला सांगितलं, तर तिचे डोळे चमकले. दुसऱ्या दिवशी म्हणाली, एका मासिकाला कोडी द्यायची आहेत, कंटाळवाणी वाटतात का सांग. मी चहा पीत पीत सोडवली. आठवड्यानं दुसरा कागद दिला आणि तोंड गंभीर करून म्हणाली, "हा बुद्धिमापनाचा पेपर आहे. खेळाडू आणि बाकीच्या मुली यांच्यात किती फरक पडतो ते आमच्या विभागाला बघायचंय." दोन्ही कागद सारख्याच अवघड प्रश्नांचे होते, दोन्हींना तासच दिला होता. पहिल्यात माझे ऐंशीपैकी त्रेसष्ट आले, दुसऱ्यात एकेचाळीस. विभागाला काहीही बघायचं नव्हतं. मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी तिनं समजावलं. आपल्यासारख्यांना अमुक एक जमत नाही असं लोक म्हणतात, हे आपल्याला ठाऊक असतं. मग तेच आपल्या हातून खरं ठरू नये, या धाकात निम्मं डोकं खर्ची पडतं आणि उरलेल्या निम्म्यानं पेपर सोडवावा लागतो. मुलींवर, म्हाताऱ्या माणसांवर, खेळाडूंवर असे प्रयोग झालेत म्हणे. काही जणांनी परत करून बघितले तर फरक दिसला नाही, त्यावरून अभ्यासकांत भांडणंही आहेत. "आणि तुझ्या दोन कागदांवरून तर काहीच सिद्ध होत नाही," असं वर म्हणाली. मग मला कशाला छळलंस, असं मी विचारलं. त्यावर तिनं भांडी घासली.

तुम्हाला एक विनंती करणार होते. पण राहू दे.

स्वप्नाली


मुरगूड,
२ डिसेंबर २०२४

स्वप्नाली,

दुआ. उत्तराला उशीर झाला. मैदानांचा मोसम सुरू झालाय आणि गावोगावच्या यात्रेवाल्यांना जोड्या मीच लावून द्यायच्या असतात. दिवाळीला आली नाहीस. तुझ्या आईला परीक्षेचं सांगितलं, पहिल्या वेळचं सोडून.

संयोगिताबाईंचं म्हणणं मी दोनदा वाचलं. मला काही ते पटत नाही. समोरच्यानं चार शब्द टाकले म्हणून पैलवान पडत असता तर मैदानात एकही कुस्ती निकाली झाली नसती. हलगीवाल्यापासून फुटाणेवाल्यापर्यंत सगळेच बोलतात. नाचता येईना अंगण वाकडं, असं तुझ्या बाबतीत मी म्हणणार नाही, पण दुसरा कोणी म्हणेल. विनंती काय ते लिहिलं नाहीस. मी माझ्यापुरता अंदाज केला, की पोरगी एकटी पडलीय, तिला पाठीशी माणसं हवीत.

म्हणून तालमीतर्फे स्टँडसमोर डिजिटल बोर्ड लावला. दहा बाय पंधरा. तालमीत माझ्या हाताखाली असणाऱ्या आपल्या बाळासोनं पुढं होऊन सगळं केलं. तुझा पदकासह फोटो मधोमध, माझा कोपऱ्यात, चाळीस पोरींचे खाली रांगेनं. वर मोठ्या अक्षरात : "कोण म्हणतं पैलवानाची अक्कल गुडघ्यात? कु. स्वप्नालीस बुद्धिमत्ता परीक्षेसाठी हार्दिक शुभेच्छा!" मजकूर माझा. निपाणीपर्यंतच्या एसट्या त्याच्यासमोरून जातात. सगळं गाव तुझ्या मागं आहे, बिनधास्त बस.

शमशुद्दीन


कोल्हापूर,
५ डिसेंबर २०२४

वस्ताद,

बोर्ड उतरवा.

तुमचं पत्र यायच्या आधीच फोटो माझ्या मोबाईलवर आला होता. परीक्षेला बसणाऱ्यांचा एक ग्रुप आहे, त्यावर कोणीतरी टाकला. खाली हसरी तोंडं आली, मी एकोणपन्नासपर्यंत मोजली. पहिल्या वेळी एका हॉलला माहीत होतं मी कोण आहे. आता जिल्ह्याला माहीत आहे, आणि काय खोटं ठरवायचंय तेही माहीत आहे.

विनंती हीच होती. दाखवून दे, असं मला म्हणू नका. एवढंच लिहायचं होतं आणि तुम्हाला वाईट वाटेल म्हणून लिहिलं नाही. काल नजीराभाभींच्या संचातला सोपा प्रश्न वीस मिनिटं बघत बसले. त्या चाळीस पोरी बोर्डावरून माझ्याकडं बघतायत, असं वाटत राहतं. मला राग आलाय वस्ताद. तुमचा आलाय. हे तुम्हाला लिहायची वेळ माझ्यावर कधी येईल असं वाटलं नव्हतं.

पंधरा तारखेला बसणार की नाही, माझं नक्की नाही.

स्वप्नाली


मुरगूड,
८ डिसेंबर २०२४

स्वप्नाली,

पत्र बाळासोच्या हाती देतोय, पोस्टाचा भरवसा नको. बोर्ड उतरवला. मी स्वतः शिडीवर चढलो. नजीरा खालून ओरडत होती, पण मला ऐकू येत नाही. बोर्डाचं कापड आता तालमीच्या मागच्या लाकडांवर घातलंय, उलटं.

तुझं पत्र वाचून पहिल्यांदा मलाही राग आला. मग तुझ्या ऑपरेशनचा दिवस आठवला. मी दवाखान्यात आलो, तुझ्या पायाचं बँडेज बघितलं आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "आयला, पोरीच्या डोक्यालाच लागलं की!" तुझी आई हसली, डॉक्टर हसले, तूही हसलीस. काल पहाटेपासून मी एकच विचार करतोय. ही म्हण तू पहिल्यांदा कुणाच्या तोंडून ऐकलीस? त्या पर्यवेक्षकाच्या नाही. माझ्या. नवीन पोरं आली की पहिल्या दिवशी मी हेच सांगतो, "गुडघं सांभाळा रं, डोकं तितंच असतंय." चाळीस वर्षं झाली. दर वर्षी सगळे हसतात.

आता जे कुणाला सांगितलं नाही, ते सांगतो. चौऱ्याहत्तर सालची अकरावीची मॅट्रिक. तोंडी गणितात मी वर्गात पहिला यायचो, तुला खोटं वाटेल. पेपरला बसलो, अंगावर पैलवानाची बंडी, कान नुकताच फुटलेला. देखरेखीला दुसऱ्या शाळेचे मास्तर होते. पहिल्याच गणितावर मी जरा थांबलो, तर म्हणाले, "पैलवान, गुडघ्यावर पाणी मार, डोकं थंड हुईल." सगळी पोरं हसली. त्यानंतर मला आकडे दिसत होते, पण हात चालेना. अर्ध्या तासात पेपर देऊन बाहेर आलो. गणितं येत होती, पोरी. रस्त्यात सगळी तोंडी सोडवली.

घरी आल्यावर तोच विनोद मीच सांगितला. दुसऱ्यानं सांगायच्या आधी आपण सांगितला की लागत नाही, हे मला तेव्हा कळलं. मग सवयच झाली. संयोगिताबाईंचं म्हणणं पटत नाही असं लिहिलं ते खोटं होतं. पटलं, म्हणूनच उत्तराला सव्वा महिना लावला.

माफी मागतो. वस्तादानं मागायची नसते, पण मागतो.

रविवारी जा. कुणाला काही दाखवू नकोस. तालीम, मी, चाळीस पोरी, कुणीही तुझ्या मागं नाही, सगळ्यांना मी घरी पाठवलंय. तुझ्यासमोर कागद आहे, तेवढीच कुस्ती. आणि कोणी काही बोललंच तर माझे कान घेऊन जा. त्यांना काही ऐकू येत नाही.

शमशुद्दीन


कोल्हापूर,
२० जानेवारी २०२५

वस्ताद,

पाया पडते. बाळासोंकडून निकाल कळला असेलच, तरी मी सांगते. एकोणसत्तर सोडवले, एकसष्ट बरोबर. तीन जागांत माझा नंबर दुसरा. एक मार्चला हजर व्हायचंय.

त्या दिवशी हॉलच्या दारात कोणीतरी म्हणालंच, "बोर्डवाली आली बघ." मी तुमचे कान घातले होते. पर्यवेक्षक तेच होते. मी विचारलं, "पहिलं पान शेवटी भरलं तर चालंल का?" ते म्हणाले, "कवाबी भरा की, मला काय करायचंय." म्हणून ते पान मी उलटं करून ठेवलं आणि सरळ प्रश्नांना हात घातला. मधे दोन-तीनदा पाठीमागं ती दुसरी मी येऊन उभी राहिली. तिला म्हटलं, थांब जरा, नंतर बोलू. शेवटच्या पाच मिनिटांत खेळ, पदकं, दुखापत भरली. दुखापतीच्या रकान्यात गुडघा लिहिलं आणि मला काही वाटलं नाही.

हे तुमच्या कानांमुळं झालं, पान उलटं ठेवल्यामुळं, की चार महिन्यांच्या सरावामुळं, ते माहीत नाही. संयोगिता म्हणते, यावरूनही काही सिद्ध होत नाही. पण पेढे तिनं वाटले.

तुमच्या पत्राचं उत्तर मी दीड महिना लिहू शकले नाही. दोनदा लिहून फाडलं. रागावले होते त्याची मला लाज वाटत नाही, पण तुमच्या मॅट्रिकचं वाचून मी रडले, हे तुम्हाला ठाऊक असावं.

एक काम आहे. संयोगिताच्या ओळखीच्या क्लासवाल्यांचा साठ प्रश्नांचा संच परत छापायचाय. त्यात छपाईच्या चुका राहिल्यात का, ते बघणारं माणूस हवंय. नुसतं वाचून कळत नाही, प्रश्न सोडवून बघावे लागतात. नजीराभाभींना शाळेतून वेळ नसतो. तुम्ही सवडीनं बघाल का? घाई नाही. सोबत पेन्सिल ठेवलीय.

स्वप्नाली


मुरगूड,
२ फेब्रुवारी २०२५

स्वप्नाली,

दुआ. तुझी आई पेढे घेऊन आली तेव्हा तिचं सगळं ऐकू आलं.

संच परत पाठवतोय. चूक एकच सापडली, सतराव्या प्रश्नात. दोन पहारेकरी किती वेळानं परत भेटतील, असं विचारलंय. उत्तर छत्तीस मिनिटं येतं, आणि खालच्या चार पर्यायांत छत्तीस नाहीच. मी तीन वेळा करून बघितलं, माझीच चूक असेल म्हणून. नाही. छापणाऱ्याला सांग. बाकीची उत्तरं पेन्सिलीनं बाजूला लिहिलीत, तुमच्या कामाला लागली तर बघा. लागली नाहीत तर खोडून टाका.

नोकरीला जाताना गुडघ्याला पट्टा बांधून जा. जिने फार असतात अशा ठिकाणी.

शमशुद्दीन


कोल्हापूर,
७ फेब्रुवारी २०२५

वस्ताद,

पाया पडते. मी खोटं बोलले. कोणाला काही छापायचं नव्हतं. त्या क्लासमध्ये प्रवेशाच्या वेळी मुलांची चाळणी करायला जो पेपर देतात, तोच हा होता. सगळीकडून शीर्षक कापून पाठवला होता.

साठातले तुमचे त्रेपन्न बरोबर आले. वरच्या तुकडीत घ्यायला बेचाळीस लागतात. तुम्हाला वेळेचं बंधन नव्हतं, हे संयोगितानं मला तीनदा बजावलं, म्हणून लिहिते. पण सतरावा प्रश्न खरंच चुकीचा छापलाय. दोन वर्षं तो पेपर वापरात आहे. शेकडो मुलांनी सोडवला, शिकवणाऱ्यांनी तपासला. चूक तुम्हालाच दिसली.

तपासलेला कागद सोबत आहे. खोडलेला नाही.

स्वप्नाली


मुरगूड,
१३ फेब्रुवारी २०२५

स्वप्नाली,

दुआ. तुझी लबाडी दुसऱ्या पानावरच माझ्या ध्यानात आली होती. हीच युक्ती तुझ्यावर झाल्याचं तूच लिहिलं होतंस, विसरलीस. पण तोवर मला गोडी लागली होती, पेन्सिल खाली ठेवावीशी वाटेना. तीन दिवस दुपारी दार लावून बसायचो. नजीराला वाटलं मी आजारी आहे.

कागद तिला दाखवला. तिनं सगळा तपासला आणि चहा करायला गेली. नंतर आतून नाक ओढल्याचा आवाज आला म्हणे, बाळासोनं सांगितलं.

आज सकाळी तालमीत सहा नवीन पोरी आल्या. मी काही बोलायच्या आत बाळासोनंच सुरुवात केली, "गुडघं सांभाळा गं पोरींनो, डोकं तितंच असतंय." सगळ्या जुन्या पोरींनी माझ्याकडं बघितलं, मी हसणार म्हणून. मी हसलो नाही. मग कोणीच हसलं नाही. बाळासोला पुढं काय करावं कळेना, तो आपला उगाच लंगोट बघायला लागला.

मी म्हणालो, चला, जोर काढा.

शमशुद्दीन